६८० गुणांचे अंतर आणि शिल्लक राहिलेली ५८ मिनिटे

बुद्धिबळ : वाचकांचे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई आणि उपनगरांत स्पर्धांची रेलचेल असते आणि जून उजाडला की आमच्या टपालात पराभवांची पत्रे येऊ लागतात. या वेळची बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत : समोरचा खेळाडू आपल्याहून फार वरचा किंवा फार खालचा असला, तर डाव कसा खेळावा? त्यांतील तीन पत्रे येथे निवडली आहेत. पहिले लांब आहे आणि त्याला उत्तरही लांबच द्यावे लागले.

प्रश्न : माझे वय ५३ असून गेली सहा वर्षे मी स्पर्धा खेळतो. माझे रेटिंग (खेळाडूचे बळ दाखवणारा आकडा) १५३० आहे. नुकत्याच दादर येथे झालेल्या एका खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत माझी गाठ २२१० रेटिंगच्या खेळाडूशी पडली. माझ्याकडे काळी मोहरी होती. एवढ्या मोठ्या खेळाडूपुढे गुंतागुंत नको, म्हणून मी संधी मिळेल तेव्हा मोहऱ्यांची अदलाबदल करत गेलो. १४व्या चालीला दोन्ही वजीर पटावरून गेले आणि २७व्या चालीला प्रत्येकी एक हत्ती व चार प्यादी एवढेच उरले. तेव्हा मी बरोबरीचा प्रस्ताव दिला. त्यांनी मान हलवून नकार दिला. ३४व्या आणि ३७व्या चालीला मी पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी त्यांनी पंचांना बोलावले आणि पंचांनी मला समज दिली. ४१व्या चालीला मी डाव सोडला. (वेळ प्रत्येकी ९० मिनिटे आणि दर चालीला ३० सेकंद अशी होती, डाव संपला तेव्हा माझ्या घड्याळात ५८ मिनिटे शिल्लक होती.) नोंदपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. बरोबरी मागणे हा समोरच्याचा अपमान आहे काय? आणि सर्वांत दुबळ्या खेळाडूंना पहिल्याच फेरीत सर्वांत बलवानांपुढे उभे करण्यात आयोजकांना कसला आनंद मिळतो?
एक वाचक, मुलुंड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. पहिल्या फेरीतील जोड्या कुणाच्या मर्जीने लागत नाहीत, त्या स्विस पद्धतीच्या नियमांनी लागतात. १८९५ साली झुरिच येथील स्पर्धेत प्रथम वापरल्या गेलेल्या या पद्धतीत खेळाडू रेटिंगच्या उतरत्या क्रमाने मांडले जातात, यादीचे मधोमध दोन भाग केले जातात, आणि वरच्या भागातील पहिला खालच्या भागातील पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असे सर्वजण खेळतात. १६० खेळाडू असले तर पहिल्याची गाठ ८१व्याशी पडते आणि १६०व्याची ८०व्याशी. म्हणजे सर्वांत बलवानापुढे सर्वांत दुबळा येतच नाही. यादीतील अंतर सर्वांमध्ये साधारण सारखे वाटले जाते. पुढच्या फेरीपासून समान गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात, त्यामुळे हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सोपा प्रतिस्पर्धी मिळतो. स्पर्धेचे पहिले दोन दिवस पाळण्यात बसल्यासारखे वाटतात ते याचमुळे.

आता त्या ६८० गुणांच्या अंतराविषयी. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारलेली रेटिंगची पद्धत आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी घडवली. तिच्या सूत्रानुसार एवढ्या अंतराच्या दोन खेळाडूंनी पन्नास डाव खेळले, तर खालच्याच्या वाट्याला साधारण एक गुण (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा) यावा. पण रेटिंगचा हिशेब करताना ४०० पेक्षा जास्त फरक ४००च धरला जातो. (२६५० किंवा त्यावरच्या खेळाडूंना ही सवलत आता नाही, आपल्या सभागृहात तसे कुणी असण्याची शक्यता कमीच.) त्यामुळे वरच्याची अपेक्षा ०.९२ आणि खालच्याची ०.०८ अशी मांडली जाते. दोघांचाही ‘के’ गुणक (एका डावाने रेटिंग किती बदलू शकते ते ठरवणारा आकडा) २० धरला, तर जिंकून त्या खेळाडूंना मिळाले १.६ गुण. बरोबरी झाली असती तर त्यांचे ८.४ गुण गेले असते आणि हरले असते तर १८.४. आपल्या बाजूचे आकडे याच्या नेमके उलट आहेत : हरून आपण गमावले १.६, बरोबरीत मिळाले असते ८.४. हे आकडे मुद्दाम देत आहोत, कारण पत्र वाचताना असे वाटते की दडपण फक्त आपल्यावर होते. तीन तास बसून दीड गुण मिळवायचा आणि एक डुलकी लागली तर अठरा गुण घालवायचे, अशा व्यवहाराला बसलेला माणूस प्रसन्न चेहऱ्याने खेळेल ही अपेक्षा जरा जास्त आहे.

बरोबरी मागणे हा अपमान नाही. खालच्या रेटिंगच्या खेळाडूने ती मागू नये असा नियम कुठेही नाही, तो केवळ एक संकेत आहे आणि तो सर्वजण पाळतात असेही नाही. रीत मात्र आहे : आधी पटावर चाल करावी, मग प्रस्ताव द्यावा, मग घड्याळ दाबावे आणि नोंदपत्रिकेत बरोबरचे चिन्ह लिहावे. प्रस्ताव एकदा दिला की मागे घेता येत नाही. समोरच्याने तोंडी नकार देईपर्यंत किंवा चाल करण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो कायम राहतो. परंतु त्याच नियमावलीत प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करण्यास व त्याला त्रास देण्यास मनाई आहे, आणि अवाजवी बरोबरीचे प्रस्ताव त्यात स्पष्टपणे मोजलेले आहेत. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘जरा सरकता का’ असे एकदा विचारणे रीतीचे असते; तेच तिसऱ्यांदा विचारले की डबा आपल्याकडे बघू लागतो. नकार मिळाल्यानंतर पटावरची परिस्थिती आपल्या बाजूने बदलल्याशिवाय पुन्हा विचारू नये. आपल्या डावात ती बदलली खरी, पण उलट दिशेने : पहिला प्रस्ताव समान स्थितीत होता, दुसरा कठीण स्थितीत आणि तिसरा हरलेल्या. पंचांनी दिलेली समज आम्हाला योग्यच वाटते.

पण या पत्राचा खरा गाभा यांपैकी कशातच नाही. मोहरी कमी झाली की चुकाही कमी होतील आणि बलवान खेळाडूला जिंकायला काही उरणार नाही, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. ‘फ्रेंच बचाव’ या सुरुवातीविरुद्ध तिसऱ्याच चालीला प्याद्यांची मारामारी करून बरोबरीची वाट पाहणारे खेळाडू प्रत्येक स्पर्धेत दिसतात आणि पट दोन्हीकडून आरशातल्यासारखा दिसत असूनही ते हरतात. पट मोहऱ्यांनी भरलेला असतो तेव्हा बलवान खेळाडूचीही मोजदाद चुकू शकते. एखादी आडवाटेची चाल त्याच्याही नजरेतून निसटते. हत्ती आणि प्याद्यांच्या अंत्यखेळात मात्र मोजायचे थोडे असते आणि माहीत असावे लागते पुष्कळ. ती माहिती त्याने वर्षानुवर्षे घोटून घेतलेली असते. म्हणजे गुंतागुंत टाळायच्या नादात आपण डाव अशा जागी नेला, जिथे दोघांमधले अंतर सर्वांत जास्त होते.

आणि तरीही तिथे बरोबरी होती. आपल्या नोंदपत्रिकेवरून ३३व्या चालीची स्थिती मांडून पाहिली. (घरांची नावे : पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच हे उभे रकाने आणि त्याच्या बाजूने १ ते ८ या आडव्या ओळी.) पांढऱ्याचा राजा जी २ वर, हत्ती ए ५ वर आणि प्यादी ए ४, एफ २, जी ३, एच २ वर. आपला राजा जी ८ वर, हत्ती बी ८ वर आणि प्यादी ए ६, एफ ७, जी ६, एच ७ वर. पांढऱ्याचा हत्ती ए ६ च्या प्याद्यावर नेम धरून आहे आणि त्या प्याद्याला जोर नाही. आपण हत्ती ए ८ वर नेऊन त्याला जोर दिला. ही चाल कुणालाही सुचेल अशी आहे आणि डाव इथेच फिरला. आपला हत्ती एका प्याद्याचा पहारेकरी होऊन बसला, पांढऱ्याचा हत्ती मोकळा राहिला, आणि त्याचा राजा एफ ३, ई ४, डी ५, सी ६ असा पाच चालींत बी ७ वर पोहोचून आपल्या हत्तीला हुसकावून गेला. त्या पाच चालींत आपण राजाच्या बाजूची प्यादी पुढे सारत होता. राजाला एफ ८, ई ७, डी ७ असा मध्यभागी आणला असता, तरी त्याची वाट पुष्कळ अडली असती.

त्याहून चांगला मार्ग असा होता की ए ६ चे प्यादे सोडून द्यावे आणि हत्ती बी २ वर न्यावा. पांढऱ्याने प्यादे मारले की आपला हत्ती ए २ वर येतो. आता तो पांढऱ्याच्या मोकळ्या (वाटेत शत्रूचे प्यादे नसलेल्या) ए प्याद्याच्या मागे उभा आहे, आणि मोकळे प्यादे आपले असो वा शत्रूचे, हत्तीची जागा त्याच्या मागे, हे जर्मन बुद्धिबळपटू टाराशचे सूत्र शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. शिवाय दुसऱ्या ओळीवरून त्याची नजर एफ २ च्या प्याद्यावर राहते. पांढऱ्याचा राजा ए प्याद्याच्या मदतीला निघाला की ते प्यादे पडते, म्हणून राजा जागीच अडकतो. आणि स्वतःच्या प्याद्यापुढे उभा असलेला त्याचा हत्तीही सहजासहजी बाजूला होऊ शकत नाही. एक प्यादे कमी असूनही बरोबरी राखण्याची संधी इथे खूपच अधिक होती. २२१० च्या खेळाडूलाही त्यानंतर प्रत्येक चालीला घाम गाळावा लागला असता.

ही चाल आपल्याला सुचलीच नसती, असे आम्हाला वाटत नाही. आपण कंसात ओघाओघाने लिहिलेले एक वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले : घड्याळात ५८ मिनिटे शिल्लक होती. ९० मिनिटे आणि ४१ चालींची वाढीव वीसेक मिनिटे धरली, तर आपल्याला मिळालेल्या वेळेतला निम्म्याहून अधिक वेळ आपण वापरलाच नाही. नोंदपत्रिकेच्या कडेला आपण वेळाही टिपल्या आहेत, ही सवय फार चांगली आहे. त्यांवरून दिसते की ३३व्या चालीला आपण एक मिनिटही घेतले नाही, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याच्या आधीच्या चालीला ११ मिनिटे घेतली होती. ज्याच्यासाठी डाव सोपा असायला हवा तो विचार करत होता, आणि ज्याला विचाराची गरज होती तो भराभर खेळून प्रस्ताव देत होता. आपण बरोबरी पटावर शोधायची थांबवून समोरच्याच्या तोंडून मिळवायच्या मागे लागला होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. २७व्या चालीला नकार मिळाला, तेव्हा खुर्चीवरून उठून, बाहेर जाऊन, पाणी पिऊन परत यायला हवे होते आणि नव्याने पटाकडे पाहायला हवे होते.

अशा वेळी १९६२ सालच्या स्टॉकहोम येथील आंतरविभागीय (जगज्जेतेपदाच्या पात्रता फेऱ्यांपैकी एक) स्पर्धेचा तक्ता काढून पाहावा. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल आरोन तिथे २३ खेळाडूंत शेवटचे आले. २२ डावांत त्यांना चार गुण मिळाले. एवढेच वाचले तर ती एका दुबळ्या खेळाडूची दैना वाटते. पण त्या चार गुणांमध्ये हंगेरीचे लायोश पोर्टिश आणि पूर्व जर्मनीचे वोल्फगांग उलमान यांच्यावरचे दोन विजय आहेत, आणि हे दोघेही त्या काळात जगातल्या आघाडीच्या खेळाडूंत मोजले जात. अमेरिकेच्या बॉबी फिशरने जिंकलेल्या स्पर्धेत, तळाशी राहून, एकामागून एक डाव हरत असताना आरोन प्रत्येक नव्या डावाला नव्याने बसत होते, हे त्यांचे विजय सांगतात. पन्नासांतला तो एक गुण येतो तेव्हा तो कुणाच्या तरी नावावर लिहिला जातो. तो आपल्या नावावर यायचा असेल तर त्या दिवशी आपण विचार करत असायला हवे.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची असून तिचे रेटिंग १६१० आहे. गेल्या स्पर्धेत ती एका रेटिंग नसलेल्या मुलाकडून आणि १४३२ रेटिंगच्या दुसऱ्या मुलाकडून हरली. अशाने रेटिंग घसरत राहील, म्हणून खालच्या खेळाडूंची गर्दी असणाऱ्या स्पर्धा टाळाव्यात काय? तिला केवळ मुलींच्या गटात खेळवावे, असाही सल्ला मिळाला आहे.
एक पालक, बोरिवली

उत्तर : पहिल्या पराभवाने तिचा एकही रेटिंग गुण गेलेला नाही, कारण रेटिंग नसलेल्या खेळाडूविरुद्धचा डाव रेटिंग असलेल्याच्या हिशेबात धरलाच जात नाही. दुसरा मात्र महाग पडला. तिचे वय १८ च्या आत आणि रेटिंग २३०० च्या खाली असल्याने तिचा गुणक ४० आहे. १७८ गुणांच्या फरकात तिच्याकडून ०.७३ गुणांची अपेक्षा होती, म्हणून त्या एका डावात २९.२ गुण गेले. पण हाच गुणक ती जिंकते तेव्हाही ४०च असतो, हे विसरू नये.

लहान मुलांचे रेटिंग हे बहुतेक वेळा त्यांच्या मागून धावत असते. वर्षातून तीन-चार स्पर्धा खेळणारे मूल रोज दोन तास सराव करत असेल, तर त्याच्या नावापुढचा १४३२ हा आकडा सहा महिन्यांपूर्वीच्या मुलाचा असतो. त्यातच मार्च २०२४ मध्ये फिडेने किमान रेटिंग १००० वरून १४०० केले आणि २००० च्या खालच्या सर्वांना एकदाच वाढ दिली, त्यामुळे तळाशी दाटी झाली आहे. तेव्हा आपल्या मुलीने आकडा पाहून डाव ठरवणेच सोडावे. खालच्या खेळाडूला १५ चालींत गुंडाळण्याच्या घाईत वजीर लवकर बाहेर काढणे हा या वयाचा नेहमीचा दोष आहे. किल्लेकोट करावा (राजा हत्तीच्या आड सुरक्षित न्यावा), मोहरी बाहेर आणावीत आणि चूक करण्याची संधी समोरच्याला द्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार मास्टर्स स्पर्धेत २८३९ रेटिंगच्या माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला २५१२ च्या अलिशेर सुलेमेनोव यांनी हरवले. रेटिंगच्या हिशेबाने कार्लसनची अपेक्षा ८७ टक्के होती. कार्लसनने त्यानंतर खालच्यांशी खेळणे सोडले नाही.

मुलींच्या गटात तिने जरूर खेळावे, पण ‘केवळ’ हा शब्द आम्हाला पटत नाही. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि अखेर फिडेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या शहरातल्या मुलीने ते दार उघडले, त्याच शहरात ते आपण आपल्या हाताने का लावून घ्यावे?

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत माझे आजोबा स्वतःचा वजीर काढून ठेवून आम्हा मुलांशी खेळत. आता माझा १२ वर्षांचा नातू मला सरळ डावात सहज हरवतो. त्याने माझ्याशी कोणते मोहरे कमी घेऊन खेळावे? आणि स्पर्धांत अशी सूट का देत नाहीत?
एक आजोबा, गिरगाव

उत्तर : एकोणिसाव्या शतकात ही पद्धत सर्रास होती, त्या काळातला अमेरिकेचा अव्वल खेळाडू पॉल मॉर्फी याने हत्ती किंवा घोडा कमी घेऊन खेळलेले कितीतरी डाव आजही वाचायला मिळतात. हत्ती किंवा घोडा द्यायचा तर वजिराच्या बाजूचा काढावा आणि केवळ एक प्यादे द्यायचे तर एफ ७ चे, असा तेव्हाचा प्रघात होता. आजच्या स्पर्धांतून ही सूट नाही, कारण रेटिंगचा सारा हिशेब दोघांचे बळ सुरुवातीला समान आहे या गृहीतावर उभा आहे, आणि खेळाडूंमधला फरक मोजायचा तर पटावरचा फरक आधी काढून टाकावा लागतो.

घरी मात्र मोहऱ्यापेक्षा वेळेची सूट द्यावी, असे आम्ही सुचवू. मोहरे काढले की नातवाची ओपनिंगची सवय बिघडते आणि आपल्यालाही दर वेळी एक अर्धवट पट समोर दिसतो. आपण दहा मिनिटे घ्यावीत आणि त्याला दोन द्यावीत. घड्याळ नसेल तर फोनवर त्याचे ॲप मिळते; ते लावून देण्याचे काम नातवाकडेच सोपवावे. आपण सलग तीन डाव जिंकलात की त्याला एक मिनिट वाढवून द्या.